एकशे सातवं कलम

जर्मन नागरी कायद्याचं एकशे सातवं कलम मला आजही तोंडपाठ आहे. भाजी निवडताना, बसची वाट बघताना ते आपोआप सुरू होतं आणि पूर्णविरामापर्यंत जाऊनच थांबतं. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाला, ज्यातून त्याचा निव्वळ फायदाच होणार नाही अशा कुठल्याही व्यवहारासाठी, कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. प्रतिनिधी म्हणजे आईबाप. मी वकील नाही. मी पुण्यात एका मुलींच्या शाळेत अकरा वर्षं संस्कृत शिकवलं आणि मग नवऱ्याच्या मागोमाग रेगेन्सबर्गला येऊन पोळ्या लाटल्या. हे कलम माझ्या डोक्यात बसलं ते माझ्या मुलीच्या तोंडून ऐकून ऐकून, आणि तिच्याकडून ते घोकून घेतलं मीच.

आम्ही आलो ते जर्मनीच्या ग्रीन कार्डचे दिवस होते, बाहेरच्या संगणकवाल्यांना इथे बोलावून घेत होते तेव्हाचे. नवरा गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करायचा, तिथे सगळं इंग्रजीत चालायचं. मुलगी आठ वर्षांची होती. सहा महिन्यांत तिने जर्मन अशी उचलली की शेजारच्या बाईला ती इथलीच वाटायची. मी भाषेच्या वर्गाला गेले आणि तीन महिन्यांत सोडला. तिथली तरुण शिक्षिका आम्हाला मासिकांतली चित्रं कापायला लावायची, फळांची नावं घेत चेंडू फेकायला लावायची. मी तिला म्हटलं, बाई गं, विभक्तीचे सगळे प्रत्यय मला एका कागदावर लिहून दे, आठ दिवसांत पाठ करून येते. तिला ते पटेना आणि मला ती कापाकापी पटेना. राग माझ्या नाकावर, तो काही विमानातून उतरताना पुण्यात राहिला नव्हता.

परिणाम असा की घरात येणारं प्रत्येक पत्र माझी मुलगी शाळेतून आल्यावर वाचायची. दप्तर खाली ठेवायचं, हात धुवायचे, पत्र वाचायचं. डॉक्टरकडे तीच बोलायची, घरमालकाशी तीच बोलायची. ती अकरा वर्षांची असताना आम्ही दोघी परदेशी लोकांच्या ऑफिसात गेलो. मला इथे शिकवायची परवानगी मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. पुण्याची सगळी सर्टिफिकेटं मी प्लॅस्टिकच्या फाइलीत लावून नेली होती. काउंटरवरच्या बाईंनी ती फाइल चाळलीही नाही, एक छापील पत्र पुढे सरकवलं आणि बरंच काही बोलल्या. मुलीने पत्र वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. मी म्हटलं, अगं सांग ना. ती म्हणाली, "आत्ता नाही म्हणतात, आई. नंतर बघता येईल."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. जरा वेळाने म्हणाली, मी मोठी झाले ना, की ह्या सगळ्या कागदांत काय काय लिहितात ते मला माहीत असेल. चौदाव्या वर्षी त्याला नाव मिळालं. कायद्याच्या शिक्षणाला इथे यूरा म्हणतात, आणि ती सगळ्यांना सांगायला लागली की मी यूरा करणार. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. स्वप्न तिचं होतं. मी त्याचा तास केला.

ती सतरा वर्षांची झाली तेव्हा शाळेतून पत्र आलं. हुशार मुलांना शाळेत असतानाच विद्यापीठात जाऊन लेक्चरला बसता येतं, सेमिस्टरच्या शेवटी परीक्षाही देता येते, पास झालं तर पुढे खऱ्या शिक्षणात ती धरतात. तिची निवड झाली होती, दर गुरुवारी दुपारी नागरी कायद्याच्या लेक्चरला. फॉर्मवर दोन्ही पालकांच्या सह्या हव्या होत्या. मी इतका दाब देऊन सही केली की खालच्या वर्तमानपत्रावर उमटली. फोनकार्ड खरवडून पुण्याला बहिणीला फोन केला, म्हटलं, आमच्याकडे वकील तयार होतोय.

आणि मग मी कामाला लागले. दुसरं काय येत होतं मला? माझ्या मुली संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी मिळवायच्या त्या अशाच नव्हत्या मिळवत. देवः देवौ देवाः, आधी रूपं जिभेवर, अर्थ मागाहून आपला आपण उलगडतो, ही माझी श्रद्धा होती. शिवाय कायदा म्हणजे तर कलमंच. लेकीने विद्यापीठातून कायद्याचं पुस्तक आणलं, उशीएवढं जाड, बारीक अक्षराचं. मी त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आणि टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. गुरुवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते आठ, स्वयंपाकघरात, एकशे चारपासून पुढे रोज पाच कलमं.

शिकवायला मी अवतारात कधी बसले नाही. पुण्यातही नाही. साडेपाच वाजले की मी केस विंचरायचे, गाऊन बदलून सलवार-कमीज घालायचे, टिकली लावायचे. सहाला ती हीटरपाशी माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मी टेबलाशी पुस्तक घेऊन, ओळीखाली बोट धरून. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण अक्षराला अक्षर जुळतंय की नाही एवढं तर दिसत होतं. मग मध्येच नंबर विचारायचे. एकशे चार? एकशे एकोणीस? एकशे सात? तिचं एकशे सात पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं.

नवरा एकदा म्हणाला, "अगं, इथे अशी घोकंपट्टी करतात का, कुणाला विचार तरी."

"अहो, कायदा आहे तो. कादंबरी नाहीये मनाला येईल तसं वाचायला," मी म्हटलं. तो गप्प झाला. माझ्यापुढे गप्प बसायची त्याला सवय आहे आणि ती चांगली सवय नाही, हे मला फार उशिरा कळलं.

नोव्हेंबरात एका सोमवारी मुलगी म्हणाली की मंगळवारी संध्याकाळी सहाला विद्यापीठात एक ग्रुप जमतो, तिथे केसेस सोडवतात, मी जाऊ का. तेव्हा ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलायची, घरातलं साधं बोलणं मला एवढं तर कळायचं, फक्त वाक्याच्या शेवटी आई यायचं. मी म्हटलं, ग्रुप स्टडी मला शिकवू नकोस. अकरा वर्षं बघितलाय मी ग्रुप स्टडी. चार पोरी जमायच्या, वह्या उघड्या ठेवायच्या आणि कुणाचा ड्रेस कसा ह्यावर चर्चा. आधी पाठांतर होऊ दे, मग हव्या तेवढ्या गप्पा मार.

ती जरा वेळ उभी राहिली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग "ओके, आई," म्हणाली आणि हीटरकडे तोंड केलं. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात मला एक गंमत जाणवायला लागली. मला कागदावरचं जर्मन कळायला लागलं होतं. कुणी न शिकवता, रोज दोन तास कानावर पडून. पत्रातले जे शब्द पूर्वी नुसते काळे डाग होते, ते ओळख द्यायला लागले. जानेवारीत पासपोर्टच्या कामाला मी एकटी त्याच ऑफिसात गेले. काउंटरवर आता दुसऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, मुलीच्या अर्जावर तिचीच सही चालेल. मी म्हटलं, ती अल्पवयीन आहे, कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, आणि ती मी आहे. अगदी कलमातल्या शब्दांत, प्रत्ययांसकट. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. त्या एका शब्दावर मी आठवडाभर जगले. घरी आल्यावर सांगितलं तर मुलगी हसली, मला तीनदा तेच म्हणून दाखवायला लावलं. खूप दिवसांनी हसली होती.

कारण एरवी तिचं हसणं बंदच झालं होतं. बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके यायचे. नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झाली होती. कलमं म्हणताना तिच्या आवाजात चढउतार उरला नव्हता. जेवताना मध्येच ओठ हलायचे. मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. परीक्षा जवळ आली की होतं असं, म्हणून मी बदाम भिजवून देत राहिले.

परीक्षा फेब्रुवारीत झाली आणि तीन आठवड्यांनी निकाल लागला. अठरापैकी मार्क असतात, चार म्हणजे पास, नऊ मिळाले तर इथले लोक पेढे वाटतील. तिला दोन मिळाले.

तिने पेपर टेबलावर ठेवला. मी बघत राहिले. पहिल्याच पानावर एकशे सातवं कलम होतं, शब्दन्‌शब्द, स्वल्पविरामासकट. ते मला वाचता येत होतं. त्याच्या बाजूला लाल पेनने लिहिलं होतं की कायदा बरोबर उतरवला आहे, विचार कुठे आहे? पुढची पानं जवळपास कोरी होती.

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पुण्यातल्या आठवीच्या पोरींशी तुलना केली, डोक्यात काय दगड भरलेत का म्हणाले, माझे पाच महिने मातीत घातलेस म्हणाले. ती खाली बघून ऐकत होती, आणि ती उलटून बोलत नव्हती म्हणून मला आणखी चेव आला. मी म्हटलं, "लहानपणी तुला दुभाषी म्हणून घेऊन हिंडत होते, तेव्हा तरी तुला काही कळत होतं का? त्या ऑफिसातही तू मला काहीतरी चुकीचंच सांगितलं असशील."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती बोलायला लागली, जर्मनमध्येच, पण अगदी सावकाश, मला कळावं म्हणून. परीक्षेला कायद्याचं पुस्तक प्रत्येकाच्या टेबलावर असतं. सगळे उघडून बघतात. त्यात काय लिहिलंय हे त्यांना आपल्याकडून नको असतं. एखादी केस देतात, एका सतरा वर्षांच्या मुलाने स्कूटर घेतली, आता पुढे काय, आणि आपण एकेक पायरी कशी चढतो ते बघतात. ते मंगळवारी शिकवतात.

"मग हे तुला आधी नाही कळलं?" मी विचारलं. तिने खांदे उडवले आणि पेपर घेऊन खोलीत गेली.

पुढच्या आठवड्यात तिने शाळेतून एक फॉर्म आणला. विद्यापीठाचा कोर्स सोडण्याचा. नुसता कोर्स नाही, तिला आता यूराच नको होतं. जेवताना तिने हे सांगितलं, पाणी दे म्हणावं इतक्या साधेपणाने. नवऱ्याने सही करून टाकली होती. मी म्हटलं, मी करणार नाही. एकदा नापास झालं म्हणून कुणी सोडतं का? नवीन टाइमटेबल करू. मंगळवारचं बघू काहीतरी.

ती म्हणाली, "एकशे सात बघ, आई. ह्यातून माझा फक्त फायदाच होणार आहे. मग तुझी संमती लागतच नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, फार शहाणपणा नको, आणि आमटी वाढली. तिने त्या क्षणी काय केलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. लाल पेनवाला जे शोधत होता ते तिने माझ्या स्वयंपाकघरात, पुस्तकाला हात न लावता करून दाखवलं होतं. मी तिला गप्प केलं. तो फॉर्म फ्रिजवर टाइमटेबलाशेजारी लोहचुंबकाखाली लटकत राहिला. दोन आठवडे आमच्यात जेवायला ये आणि दार लाव ह्यापलीकडे बोलणं नव्हतं. साडेपाच वाजले की मी सवयीने कंगवा हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे.

दोन आठवड्यांनी एका शनिवारी तिने खोली आवरली आणि रद्दीचं खोकं दाराशी आणून ठेवलं. खाली कागदांचा निळा डबा असतो, तिथे मी ते घेऊन गेले. सगळ्यात वर तिची विद्यापीठाची वही होती. लिहिलेली वही न बघता टाकणं मला जमत नाही, शिक्षकी पेशाची खोड. मी डब्यापाशी उभी राहूनच पहिलं पान उघडलं. पहिल्या लेक्चरचं, ऑक्टोबरमधलं. तिच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं की कलमं पाठ करू नका, पुस्तक तुमच्या हातातच असणार आहे, विचार करायला शिका. खाली मंगळवारी सहा, सर्वांत महत्त्वाचं, आणि त्याला दोन रेघा मारल्या होत्या. त्याच्याखाली, पाठांतराच्या वाक्याकडे बाण काढून, आणखी एक ओळ होती, बारीक अक्षरात, पेन्सिलीने. आईला सांगायचं नाही.

जर्मनमध्येच होतं ते. सप्टेंबरात मला वाचता आलं नसतं. तिने पाच महिने हीटरपाशी उभं राहून मला ते वाचण्याइतकं जर्मन शिकवलं होतं. वरच्या मजल्यावरचे आजोबा शेजारून गेले, नमस्कार म्हणाले, तशी मी वही मिटली.

वर आले तर ती टेबलाशी गणित सोडवत बसली होती. मी वही तिच्यापुढे ठेवली, पहिलं पान उघडून. खरं तर ओरडायच्या तयारीने आले होते, पण एवढंच विचारलं, "का गं?"

तिने पेन्सिलीच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मराठीत बोलली. कित्येक महिन्यांनी, अडखळत, शब्द शोधत.

"तू सहा वाजता टिकली लावायचीस," ती म्हणाली. "इथे आल्यावर तू बंद केलं होतं ना ते. मग तू परत शिकवायला लागलीस आणि परत लावायला लागलीस."

माझं बोट कपाळाकडे गेलं.

"मला वाटलं, दोन्ही जमेल," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि कायदेशीर प्रतिनिधी असं छापलं होतं त्याच्याखाली सही केली. सही इतकी फिकट आली की नवऱ्याने कागद उजेडाला धरून बघितला, उमटली आहे ना म्हणून. सोमवारी तिने तो शाळेत दिला. मी नंतर म्हटलंही तिला, अगं पुन्हा विचार कर, आता मंगळवारी जा, मी मध्ये येणार नाही. ती म्हणाली, नको आई, ते पुस्तक उघडलं की मला हीटरचा वास येतो. पुढे ती दुसऱ्या गावी जाऊन पाणी शुद्ध करायचं तंत्र शिकली. नोकरी बरी आहे. यूराबद्दल आम्ही बोलत नाही, आणि माफी मागायची माझी इच्छा दरवेळी फोन ठेवल्यावर होते.

ती शिकायला गेली त्या वर्षी मी जुन्या फायली लावायला घेतल्या. पुण्याच्या सर्टिफिकेटांच्या मागे ते पत्र सापडलं, तिच्या अकराव्या वर्षी काउंटरवरून मिळालेलं. आत्ता नाही, नंतर बघता येईल, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. त्या 'नंतर'वर मी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत. दर सहा महिन्यांनी सर्टिफिकेटं पुसून ठेवायचे. मी चष्मा लावला आणि पत्र वाचलं, कुणाच्या मदतीशिवाय, ओळीखाली बोट धरून. सगळं मिळून पाच ओळी. परवानगी नाही, पदवी इथे धरली जात नाही, ह्या विषयावर पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. मी उलटून मागची बाजू बघितली, ती कोरी होती. परत पहिल्यापासून वाचलं, जसं तिने त्या दिवशी वाचलं होतं. पत्रात 'नंतर' हा शब्द कुठेच नव्हता.